पार्क फुल होतं तर तिकीट विकलंच कशाला?

चार दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितेय. 1 मेला आम्ही सात जण, त्यात सासूबाई आणि तीन पोरं, डोंबिवलीहून सकाळी सहाला निघालो, शिळफाट्याला नेहमीसारखे अडकलो, टोल भरले आणि अकराच्या सुमारास वॉटर पार्कच्या गेटवर पोचलो तर समोर आडवी दोरी आणि सिक्युरिटीवाला एकच वाक्य घोकतोय, "आत फुल झालंय, एंट्री बंद." अहो पण तिकीट आहे आमच्याकडे! आठ दिवस आधी ऑनलाइन काढलंय, पैसे कापलेत, क्यूआर कोड मोबाइलमध्ये आहे. तर म्हणतो, "मॅडम, तिकीट सगळ्यांकडेच आहे." मागे वळून बघितलं तर खरंच, रणरणत्या उन्हात कितीतरी माणसं मोबाइल हातात धरून उभी, आणि डोक्यावर साधं छप्पर नाही की प्यायला पाणी नाही.

मर्यादा घालू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. घालायलाच पाहिजे. स्लाइडवरून एक माणूस खाली उतरून बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याला सोडता येत नाही, लॉकर मोजके असतात, लाइफगार्ड मोजके असतात, वेव्ह पूलमध्ये लाटा चालू असताना खांद्याला खांदा लागेल एवढी गर्दी झाली तर एखादं पोर पाण्याखाली गेलेलं कोणाला दिसणारसुद्धा नाही. त्यामुळे दोरी बांधली याचा राग नाही. राग याचा आहे की तिकीट विकलं "सीझनमधल्या कुठल्याही दिवशी या" म्हणून, म्हणजे 1 मेला नक्की किती लोक येणार हे यांनी मोजलेलंच नाही. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस कुठला हे शेंबडं पोरही सांगेल.

अमेरिकेत ओरलँडोला डिस्नीचं मॅजिक किंगडम पार्क आहे, तिथे नाताळ ते न्यू इयरच्या आठवड्यात गर्दी हाताबाहेर गेली की टप्प्याटप्प्याने गेट बंद करायचे, आधी एक दिवसाचं तिकीटवाले थांबवायचे, डिस्नीच्याच हॉटेलात उतरलेल्यांना तरीही आत घ्यायचे. भेदभाव आहेच तो, मला तेही पटत नाही, पण निदान नियम ठरलेला होता. टोकियो डिस्नीलँडला तर तिकिटावर तारीख असते, त्या दिवसाची तिकिटं संपली की विक्री बंद, माणूस घरीच थांबतो. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं, आपल्या साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या सीझनला ऑनलाइन बुकिंग घेऊन रोजची माणसं मोजून सोडतात. गावकऱ्यांच्या समितीला जे जमतं ते एवढा पैसा ओतून पार्क उभारणाऱ्यांना का जमू नये? हायवेच्या फाट्यावर एक बोर्ड लावायचा, नाहीतर सकाळी नऊला एक मेसेज टाकायचा. नंबर तर घेतलाय ना आमचा, ऑफरचे मेसेज रोज येतात!

आणि ज्याने खरंच तळपायाची आग मस्तकात गेली ते सांगते. आमच्यासाठी एंट्री बंद असताना बाजूच्या खिडकीवर जवळजवळ दुप्पट पैशात फास्ट ट्रॅकची तिकिटं चालूच होती, आणि ती घेतलेले आमच्यासमोरून दोरी उचलून आत जात होते. मग फुल म्हणजे नेमकं काय? जास्त पैसे दिलेला माणूस पाण्यात कमी जागा घेतो का?

माझी धाकटी घरूनच फ्रॉकच्या आत स्विमिंग कॉस्च्यूम घालून निघाली होती, पोहायचा चष्मा कपाळावर. दोन-अडीच तास उन्हात काढून दीड वाजता आम्ही परत फिरलो, सासूबाईंना चक्कर यायला लागली म्हणून. गाडीत पोरगी रडली नाही, भांडली नाही, नुसती खिडकीला टेकून झोपली. घरी आल्यावर तो चष्मा मी काढला तर कपाळावर रबराचे लालभडक वळ उठलेले.

पैसे परत मागितले तर म्हणे तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, सीझनमध्ये परत कधीही या. परत सात जणांची सुट्टी कोण जुळवून देणार? गाडीभाडं कोण देणार? दोन मेल केले, उत्तर नाही. आज सकाळी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीये, फास्ट ट्रॅकच्या खिडकीचा फोटोही जपून ठेवलाय. त्या रांगेत उभे होतात त्या सगळ्यांनी नोंदवा.