हवी ती गाडी कायम आतच अडकलेली

"दोन गाड्या ठेव, प्रश्नच मिटेल." हे मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांना एकदा सकाळी आमच्या पार्किंगमध्ये आणून उभं करणार आहे. हातात दोन्ही किल्ल्या देऊन. म्हणावं, काढा आता.

जागा अरुंद आणि लांब, एकामागे एक दोन गाड्या राहतील एवढीच. तोंडाशी वॅगन, म्हणजे मागे मोठी डिकी असलेली घरची लांब गाडी, कारण ती रोज लागते. आत, भिंतीला नाक लावून, माझी छोटी. दोन सीटची, कापडी टपाची, उघडी फिरवायची गाडी. ती बाहेर काढायची म्हणजे आधी वॅगनची किल्ली शोधा. ती नवऱ्याच्या पँटच्या खिशात, पँट बाथरूमच्या दाराला, आणि नवरा आत. मग वॅगन रस्त्यावर काढा, कुणाच्या तरी फाटकासमोर उभी करा, पळत परत या, छोटी काढा, तीही रस्त्यात उभी करा, वॅगन पुन्हा आत लावा. तोपर्यंत मागून कुणीतरी हॉर्न वाजवतोच. आणि हे सगळं कशासाठी, तर अर्धा तास मोकळ्या हवेत गाडी चालवावी म्हणून. दहापैकी आठ वेळा मी दारातूनच परत फिरते आणि वॅगन घेऊन जाते.

वर मग ऐकायचं, "तू ती वापरतच नाहीस!"

हो, आणि गाडी माझी आहे. "मिस्टरांची हौस का?" असं विचारणाऱ्यांना सांगून सांगून थकले. मिस्टरांची हौस ती पलीकडची वॅगन, लांबलचक, राखाडी, सेडानचं छप्पर थेट शेपटापर्यंत ओढत नेलेली. १९९४ साली व्होल्वोने ८५० वॅगन ब्रिटिश टूरिंग कारच्या शर्यतीत उतरवली होती, ही गोष्ट मी लग्नानंतर किती वेळा ऐकली असेल याचा हिशोब नाही. कुणीही पाहुणा आला की निघालीच. मी एकच विचारते, जिंकली का? एकही नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मुकाट सेडान आणली. हा भाग मात्र गोष्टीत कधी येत नाही.

खरं दुखणं मात्र सामानाचं आहे. दोन गाड्यांत एका माणसाच्या वस्तू वाटल्या गेल्या की जी वस्तू हवी ती दुसऱ्या गाडीत असते. छत्री वॅगनमध्ये, पाऊस छोटीत असताना. गॉगल छोटीत, ऊन वॅगनच्या काचेवर. टायरमधली हवा मोजायचं गेज, चष्म्याचं घर, मुलीची परत करायची लायब्ररीची पुस्तकं, सगळं कायम पलीकडे. मी म्हटलं, प्रत्येक गोष्ट दोन-दोन घेऊ. घेतल्या. आता दोन्ही छत्र्या वॅगनमध्ये आहेत.

कारण वॅगनची डिकी म्हणजे डिकी नाही, माळा आहे. पाच-सहाशे लिटरची जागा, मागची सीट आडवी केली तर कपाट आत जातं. जागा आहे म्हटल्यावर घरातलं जे जे नकोसं ते तिथे जाऊन बसतं. फुटबॉल, ओले बूट, घडीची खुर्ची, महिनाभर "उद्या देऊन टाकू" म्हणत फिरणारं जुन्या कपड्यांचं बोचकं. उलट छोट्या गाडीच्या डिक्या बघा. आजच्या माझदा एमएक्स-५ या दोन सीटच्या उघड्या गाडीची १३० लिटर, आणि ती आपल्या जातीत काही वाईट समजत नाहीत. माझी तर त्याहून जुनी आणि त्याहून कंजूष. एक मऊ बॅग मावते. कडक मावत नाही. बॅगेने आधी अंग चोरायला शिकावं लागतं.

हात-पायही गोंधळतात. एक गाडी जपानी, दुसरी युरोपियन. स्टिअरिंग दोन्हींचं उजवीकडेच, पण एकीचा इंडिकेटर उजव्या हाताला, दुसरीचा डाव्या. छोटीतून उतरून वॅगनमध्ये बसले की पहिल्या वळणावर कडक उन्हात वायपर फटाफट फिरायला लागतात. शेजारी मुलगा बसलेला असतो, तो काही बोलत नाही. फक्त बघतो.

मुलांचं तर विचारूच नका. दोन मुलं आणि शेजारची सीट एक. म्हणजे छोटी बाहेर निघाली की घरात खटला उभा राहतो. मागच्या वेळी कोण बसलं होतं, त्याच्या मागच्या वेळी कोण, तेव्हा टप उघडा होता की बंद (बंद असेल तर ती फेरी मोजायची नाही, असा नियम आहे, मला न विचारता केलेला). एकाला नेलं की दुसरीचं रडणं, दोघांना नाही म्हटलं की दोघांचं. शेवटी चौघेही वॅगनमध्ये बसतो आणि छोटी भिंतीकडे तोंड करून उभी राहते, शिक्षा झाल्यासारखी.

आणि उभ्या गाडीला काही होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे उघडी गाडी नाही. कापडी टपावरचं पाणी मागच्या बाजूला एका पन्हळीत उतरतं आणि तिथून सीटच्या मागच्या दोन नळ्यांवाटे गाडीखाली जातं. जावं अशी अपेक्षा. झाडाखाली चार दिवस उभी राहिली की पानांचा चुरा, माती, कसलंसं बी त्या नळ्यांच्या तोंडात जाऊन बसतं. मग पाणी पन्हळीतून वर येतं आणि आत शिरतं. कार्पेट वरून कोरडं दिसतं, खालचा स्पंज मात्र प्यायलेला. कळतं कधी, तर काच आतून धुरकट व्हायला लागली आणि कुबट वास आला की. तोवर दाराखालचा पत्रा आतून गंजायला लागलेला असतो. मी पावसाळ्याआधी पातळ प्लास्टिकची नळी घालून त्या नळ्या साफ करते. हळूच, कारण जोर लावला तर आतला जोड सुटतो. माणसाच्या कानातला मळ काढतानाही मी एवढी जपत नाही.

मागची काच? काच कसली, प्लास्टिक. उन्हाने पिवळी होते, थंडीत ताठरते. टप खाली करताना आधी चेन उघडून ती सपाट पाडायची, नाहीतर घडी पडते आणि घडीवर तडा जातो. टप ओला असताना मिटायचा नाही, बुरशी धरते. म्हणजे पाऊस थांबून छान ऊन पडलं, आता उघडावी असं वाटलं, की नेमकं तेव्हाच टप वाळायची वाट बघत बसायचं.

"मग विकून टाक ना." हे वाक्य बोलणाऱ्याशी मी त्या दिवसापुरतं बोलणं बंद करते. विकायची असती तर तक्रार कशाला केली असती? १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिली एमएक्स-५ दाखवली आणि २०१६ पर्यंत तसल्या दहा लाख बनल्या. ती सगळी माणसं वेडी नव्हती. हलकी गाडी, दुसरा गिअर, डोक्यावर काही नाही, संध्याकाळ. रिमझिम आली तरी वेग असेल तर थेंब डोक्यावरून निघून जातात, भिजायला होतं ते सिग्नलला थांबल्यावर. हे ज्याने केलंय त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्याने नाही केलं त्याने मला सल्ला देऊ नये.

वॅगनवर राग काढण्यात तसा अर्थ नाही, मान्य. ती बिचारी काहीच मागत नाही. मागची काच तेवढी सतत मळते, चौकोनी पाठीमागे हवा भोवरा घेते आणि रस्त्याची धूळ तिथेच आणून टाकते, म्हणून तर तिला मागेही वायपर असतो. बाकी चावी फिरवली की सुरू. दर वेळी. हेच चिडायला पुरेसं आहे.

आजचंच बघा. सकाळपासून आभाळ स्वच्छ. नवरा दोन्ही मुलांना घेऊन वॅगनने बाहेर गेला. पार्किंगचं तोंड मोकळं! काही हलवायचं नाही, कुणाची किल्ली शोधायची नाही, शेजारच्या सीटवरून खटला नाही. मी आरामात टपाची चेन उघडली, काच पाडली, टप मागे केला, गॉगल चक्क जागेवर सापडला. चावी फिरवली.

टक. टक टक टक.

तीन आठवडे उभी होती. अलार्म आणि घड्याळ बॅटरी थेंबथेंब पीत बसलेले. जंपर केबल माझ्याकडे आहे, पण तिचं दुसरं टोक लावायला दुसरी गाडी लागते. म्हणून चार्जर शोधला. घरभर शोधला. शेवटी फोन केला.

"चार्जर ना? आहे की, इथेच डिकीत," नवरा म्हणाला. "त्या बोचक्याखाली."