गाडी देण्याआधी संस्थेला एक फोन करा

अमेरिकेत जुनी गाडी दान करताना संस्थेचं नाव आणि काम बघा, हा सल्ला एका लेखात वाचला आणि पटला. पण खरी मेख त्याच्या पुढे आहे. बहुतेक संस्था गाडी स्वतः वापरत नाहीत. मध्ये एखादी कंपनी असते. ती गाडी उचलते, लिलावात विकते, आपला वाटा कापून घेते आणि उरलेले पैसे संस्थेला देते. हा वाटा कधी कधी फार मोठा असतो. म्हणून संस्थेलाच थेट विचारा, विक्रीतले किती पैसे तुमच्या हातात पडतात? टाळाटाळ झाली तर मी तरी तिथे गाडी देणार नाही. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे का, हे आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) साइटवर नाव टाकून लगेच कळतं.

गाडी ५०० डॉलरच्या वर विकली गेली तर करवजावट साधारणपणे विक्रीच्या रकमेइतकीच मिळते, आपण मनात धरलेल्या किमतीची नाही. विक्रीनंतर ३० दिवसांत संस्थेकडून १०९८-सी फॉर्म (गाडी दान केल्याची करासाठीची पावती) हातात यायला हवा.

आणि टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, नवीन मालकाचा रकाना कोरा सोडू नका, कृपा करून! आमच्याकडे वडिलांची गाडी न्यायला आलेला माणूस टो ट्रक चालू ठेवून म्हणाला, "फक्त सही करा, नाव नंतर टाकतो." वडील पेन उघडून बसलेच होते. मी थांबवलं, संस्थेचं नाव लिहायला लावलं, मग सही. गाडी गेल्यावर राज्याच्या वाहन विभागालाही लगेच कळवा, नाहीतर तिचे पार्किंगचे दंड तुमच्याच पत्त्यावर येऊ शकतात.