एमजीबीच्या बॉनेटबद्दलच्या आपल्या अभिप्रायास गॅरेजतर्फे उत्तर

नमस्कार,

आपल्या १९६७ सालच्या एमजीबी रोडस्टरच्या (पक्के छत नसलेल्या इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या) कामाबद्दल दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय लक्षपूर्वक वाचला. बॉनेट सरळ बसवणे हे चार बोल्टांचे काम असताना गाडी कित्येक आठवडे अडकवून ठेवली, बिलात उजव्या मडगार्डाचे काम वाढवले, आणि एवढे करूनही फटी आजच्या गाड्यांसारख्या बारीक झाल्या नाहीत, डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात फट उजवीपेक्षा रुंद राहिली आणि बॉनेट हलके सोडले तर बंद होत नाही, अशा आपल्या तक्रारी आहेत. हा अभिप्राय जुन्या गाड्यांचे इतर मालकही वाचणार असल्याने उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

बिजागऱ्यांना बॉनेट धरून ठेवणारे बोल्ट चारच असतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र त्या बोल्टांच्या छिद्रांत सरकायला जी थोडीशी जागा ठेवलेली असते, ती शेवटचा बारीक फरक काढण्यापुरतीच असते. एमजीबीचे मागचे मडगार्ड सांगाड्याला वेल्ड केलेले असते, त्यामुळे मोजमापाची सुरुवात तिथूनच करावी लागते: आधी दरवाजा मागच्या मडगार्डाशी जुळवायचा, मग बोल्टांवर बसणारे पुढचे मडगार्ड दरवाजाशी जुळवायचे, आणि त्यानंतर दोन्ही मडगार्डे व काचेखालचा आडवा पत्रा यांच्यामध्ये जी चौकट तयार होते तिच्यात बॉनेट बसवायचे. आधीच्या पत्र्यांत जे काही चुकलेले असते ते सगळे शेवटी बॉनेटच्या माथी येते, आणि म्हणूनच बॉनेट वाकडे दिसते म्हणून बॉनेटच दोषी आहे असे समजून कामाला लागणे बहुतेक वेळा अंगाशी येते.

आपली गाडी आमच्याकडे आली तेव्हा उजवीकडे मागच्या कोपऱ्यात बॉनेट मडगार्डाला घासून रंग उडालेला होता आणि आतला चकचकीत धातू दिसत होता, तर त्याच बाजूला पुढे हेडलाइटजवळ करंगळी जाईल एवढी फट होती. बिजागरीचे बोल्ट छिद्रात आधीच पार टोकाला सरकवलेले होते, म्हणजे हा सोपा उपाय आमच्या आधी कोणीतरी करून पाहिलेला होता. बॉनेट उघडल्यावर त्याच्या कडेखालच्या पन्हाळीत असलेली मडगार्डाच्या बोल्टांची ओळ तपासली तेव्हा पुढच्या बोल्टांखाली वायसरांच्या चवडी रचलेल्या आढळल्या आणि मागे एकही वायसर नव्हता. पूर्वी कधीतरी हे मडगार्ड बदलताना ते दरवाजाशी न जुळवता नुसतेच आवळून टाकलेले असावे. ते जागेवर आणण्यासाठी वरची ओळ, खालचे बोल्ट आणि डॅशबोर्डच्या मागून हात घालून सैल करावे लागणारे मागच्या टोकाचे बोल्ट, असे सगळे सोडवावे लागले. त्यातले गंजून बसलेले बोल्ट घाईने फिरवले तर आतली नट सांगाड्यातून सुटून गरगर फिरू लागते आणि मग पत्रा कापण्यावाचून उपाय राहत नाही, त्यामुळे तेल सोडून वाट पाहण्यात गेलेला वेळ आम्ही वाया गेलेला मानत नाही.

दुसरी गोष्ट बॉनेटच्या धातूची. एमजीबीचे उत्पादन इंग्लंडमधील आबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात झाले आणि त्यातल्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांना अ‍ॅल्युमिनियमचे बॉनेट असे. पुढे ते पोलादी पत्र्याचे झाले. आपले बॉनेट मूळचे अ‍ॅल्युमिनियमचेच आहे, हे लोहचुंबक लावून आम्ही आपल्याला दाखवले होते. बिजागरी कोरडी पडून जाम झाली की बॉनेट लावताना ती वळत नाही, तिच्याऐवजी तिच्याजवळचा हा मऊ पत्रा वळतो. आपल्या बॉनेटचा उजवा मागचा कोपरा अशा रीतीनेच वर आला होता. त्यावर पोलादी पत्र्यासारखी हातोडी चालवल्याच्या खुणाही आतल्या बाजूला होत्या. ठोकलेले अ‍ॅल्युमिनियम कडक होत जाते आणि शेवटी तडकते, म्हणून ते आधी तापवून मऊ करावे लागते. पोलाद लाल होऊन इशारा देते, अ‍ॅल्युमिनियम मात्र रंग न बदलता एकदम वितळून खाली पडते. म्हणून आमचे कारागीर पत्र्यावर साबणाच्या वडीची रेघ ओढतात आणि ती काळी पडू लागली की ज्योत बाजूला घेतात. त्यानंतर लाकडी हातोड्याने कोपरा खाली आणला. त्या कोपऱ्यात पुट्टी भरून पातळी सारखी दाखवणे एका दुपारचे काम होते, पण बॉनेटच्या हादऱ्यांनी तिथली पुट्टी काही महिन्यांत तडकली असती.

आपण विचारले आहे की नवीन बॉनेटच का बसवले नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही इंग्लंडमधील कंपनी एमजीबीचे पत्रे आजही बनवते, तेव्हा ते मिळाले असते. पण मडगार्ड चुकीच्या जागी असताना कोणतेही बॉनेट त्या चौकटीत तिरकेच दिसले असते, आणि मूळचे दुरुस्त होण्याजोगे अ‍ॅल्युमिनियमचे बॉनेट काढून टाकायला सांगणे आम्हाला पटत नाही.

आता फटींबद्दल. दोन्ही बाजूंना आम्ही साधारण ५ मिलिमीटर अंतर ठेवले आहे आणि ते ठरवून ठेवले आहे. आजच्या गाड्यांमधली ३-४ मिलिमीटरची फट यंत्रमानवांनी जोडलेल्या, छत असलेल्या ताठ सांगाड्यावर शोभते. आपली गाडी उघडी आहे. एक चाक खड्ड्यात गेले की तिचा सांगाडा थोडा पिळवटतो आणि एका बाजूची फट क्षणभर कमी होते. त्यात अ‍ॅल्युमिनियम उन्हाने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते: मीटरभर रुंदीचे बॉनेट ४० अंशांनी तापले तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते, शेजारचे पोलाद ०.५ मिलिमीटरच्या आसपास. शिवाय कडांवर चढणाऱ्या रंगाची जाडी धरावी लागते, आणि पुढे कधी आपण गाडी पुन्हा रंगवली तर ती आणखी वाढेल. फट ३ मिलिमीटरवर आणली असती तर छायाचित्रात सुंदर दिसली असती आणि पुण्याच्या रस्त्यांवर पहिल्याच पावसाळ्यात कडांचा रंग उडाला असता.

डाव्या मागच्या कोपऱ्यात फट सुमारे एक मिलिमीटरने रुंद आहे, हे खरे आहे. ही गोष्ट गाडी ताब्यात देतानाच जॉबकार्डवर लिहून आपल्याला दाखवली होती आणि त्याखाली आपली सही आहे. काचेखालच्या पत्र्याच्या डाव्या कोपऱ्यावर जुने वेल्डिंग असून तिथली कड किंचित मागे ओढली गेली आहे. ती पुढे आणायची तर पुढची काच काढून तो भाग कापणे, वेल्ड करणे आणि सबंध पुढची बाजू रंगवणे आले. तो खर्च आपण नाकारलात, आणि एका मिलिमीटरसाठी तो न करणे शहाणपणाचेच होते, असे आमचे मत आहे. आपण अभिप्रायासोबत जोडलेले छायाचित्र मात्र उजव्या हेडलाइटच्या बाजूने तिरके घेतलेले असल्याने त्यात हा फरक प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा दिसतो. घरच्या घरी मोजायचे असल्यास ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ड्रिल बिटांचे गुळगुळीत दांडे फटीत सरकवून पाहावेत. आम्हीही तेच वापरतो.

बॉनेट बंद होण्याबद्दल सांगायचे तर पुढचे रबरी बफर नवीन आहेत आणि ते दबेपर्यंत बॉनेट थोडा प्रतिकार करते. बॉनेटच्या पुढच्या कडेखाली असलेली लॅचची (बॉनेट अडकवून धरणाऱ्या कडीची) पिन आटे फिरवून लांब-आखूड करता येते आणि चेकनटने, म्हणजे ती फिरू नये म्हणून आवळायच्या जादा नटने, पक्की होते. ती लांब करून बॉनेट आज सहज बंद होईल असे करणे शक्य होते. पण बफर दबल्यावर तेच बॉनेट सैल पडून चालत्या गाडीत खडखडले असते. तूर्त कृपया बॉनेट उंचावरून आपटू नये आणि मधोमधही दाबू नये. ते लॅचपर्यंत खाली आणून, दोन्ही तळवे बरोबर लॅचच्या वर ठेवून एकदाच दाबावे. बिजागऱ्यांना दर महिन्याला तेलाचे दोन थेंब सोडावेत, नाहीतर तोच कोपरा पुन्हा वर येईल.

बिलात बॉनेटची मजुरी आणि मडगार्डाची मजुरी या दोन वेगळ्या ओळी आहेत. मडगार्ड सोडवण्यापूर्वी वाढीव अंदाजपत्रक आपल्याला पाठवले होते आणि आपला होकार आल्यावरच काम सुरू केले.

बफर दबून स्थिरावल्यानंतर पिनची उंची पुन्हा जुळवणे हा याच कामाचा भाग आहे आणि त्याचे वेगळे पैसे घेतले जाणार नाहीत. सुमारे ५०० किलोमीटर चालवून झाल्यावर गाडी कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी, इंजिन व पत्रा थंड असताना आणावी. चारही कोपरे आपल्यासमोर मोजून आकडे त्याच जॉबकार्डवर लिहून देऊ, आणि त्यात एखादी फट ताब्यात देतानाच्या मापापेक्षा सरकलेली आढळली तर ती दुरुस्त करून देण्याची जबाबदारी आमची राहील.

आपला विश्वासू,
गॅरेजचालक, पुणे