स्प्रिंग कापू नका: जुन्या फियाटविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या महिन्यात नागपुरातल्या धरमपेठेतील माझ्या काकांनी रात्री साडेदहाला फोन केला आणि विचारले, "तुझ्याकडचे ग्राइंडर शनिवारी घेऊन येशील काय? समोरच्या स्प्रिंगचे दोन-दोन वेढे कापून पाहू म्हणतो." काकांची फियाट ११०० ही १९६९ सालची, आजोबांनी घेतलेली गाडी आहे आणि आजवर तिच्या काचेवर साधे स्टिकर लावायलाही त्यांनी कोणाला परवानगी दिलेली नाही. अशा माणसाला एकाएकी ग्राइंडरची आठवण झाली, याचे कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश होता, जो पुढच्या आठवडाभरात मला आणखी तीन गटांतून आला.

संदेश सांगतो की जुनी फियाट असो की ॲम्बॅसेडर, पाच उपाय केले की ती नव्या गाडीसारखी वळते आणि खर्च जवळजवळ शून्य येतो. समोरच्या स्प्रिंगचे दोन वेढे कापावेत. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू प्ले, म्हणजे स्टिअरिंगची ढिलाई, शून्य होईपर्यंत आवळावा, कारण "कायद्याने प्ले चालतच नाही". समोर रुंद रेडिअल टायर लावावेत. स्टिअरिंग हलके होण्यासाठी हवा ४० ठेवावी. आणि मागच्या पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) जळके ऑइल ओतावे.

लिहिणाऱ्याने यांतली एक तरी गाडी खालून पाहिली आहे काय, हीच पहिली शंका येते. ॲम्बॅसेडरला समोर कापण्याजोगी गुंडाळलेली स्प्रिंग नाही. ती गाडी मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली असून तिच्या पुढच्या चाकांचा भार टॉर्शन बार पेलतात, म्हणजे चॅसिसच्या लांबीत बसवलेला पोलादी दांडा पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करतो. अलेक इसिगोनिस यांनी १९४८ च्या मॉरिस मायनरमध्ये हीच पद्धत वापरली होती, आणि तिच्या जोडीला रॅक अँड पिनिअन (दातेरी पट्टी आणि छोटे दातेरी चाक) पद्धतीचे स्टिअरिंगही दिले होते. ॲम्बॅसेडरचे स्टिअरिंगही रॅकचेच आहे, त्यामुळे दुसऱ्या उपायातला बॉक्स आणि त्याचा स्क्रू तिच्यात सापडायचा नाही. पाचांपैकी दोन उपाय ज्या गाडीत करताच येत नाहीत, तिचे नाव संदेशात ठळक अक्षरांत दिलेले आहे.

फियाटला मात्र स्प्रिंग आहेत, आणि धोका तिथेच आहे. वरची आणि खालची अशा दोन विशबोन आर्ममध्ये (त्रिकोणी भुजांमध्ये) धरलेल्या चाकावर ती गुंडाळी उभी असते. स्प्रिंगचा ताठरपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. उदाहरणार्थ, काम करणाऱ्या आठ वेढ्यांपैकी दोन कापले तर ती सुमारे एक तृतीयांशाने ताठर होते. तेवढ्यापुरते पाहिले तर गाडी वळणावर कमी झुकेल, आणि संदेश खरा वाटेल. परंतु गाडी खाली बसल्यामुळे विशबोनचे कोन बदलतात आणि चाक वळवणाऱ्या टाय रॉडची रेषा त्यांच्याशी जुळत नाही, त्यामुळे चाक एखाद्या उंचवट्यावर चढले की स्टिअरिंगला न विचारता स्वतःचे तोंड फिरवते. सिमेंट रस्ता संपून डांबरी रस्ता सुरू होताना जी पायरी नागपुरात जागोजागी लागते, तिच्यावर ताशी साठच्या वेगाने असे घडले तर काय होईल, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. शिवाय खाली बसलेली गाडी रबरी बफरवर आदळत राहते, आणि तो धक्का कालांतराने चॅसिसच्या जोडांना जातो.

याहून वाईट गोष्ट कापलेल्या टोकाची आहे. स्प्रिंगचे टोक तिच्या बैठकीत नीट बसेल अशा आकाराचे घडवलेले असते. ग्राइंडरने तोडलेले टोक तसे बसत नाही, आणि लांबीही कमी झालेली असल्यामुळे चाक खड्ड्यात पूर्ण लोंबले की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. काही ठिकाणी हेच काम गॅसच्या ज्योतीने होते, तेव्हा पोलादाला दिलेले पाणीच उतरते आणि स्प्रिंग पुढे बसत जाते. गाडी वळणावर फार झुकते ही काकांची तक्रार खरी होती, ते मान्यच आहे. पण या गाडीला झुकणे रोखण्यासाठी कारखान्यानेच समोर स्टॅबिलायझर बार दिलेला आहे, आणि काकांच्या गाडीत त्याची रबरे इतकी झिजली होती की बार हाताने ढकलला तरी खडखडत होता.

आता कायद्याचा मुद्दा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ असे सांगतो की स्टिअरिंगची यंत्रणा सुस्थितीत असावी, स्टिअरिंगच्या चाकावर मोजलेली ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त नसावी, जोडणीच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट किंवा पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात. म्हणजे प्ले चालतच नाही हे विधान चूक आहे. नियमाने त्याला मर्यादा घातली आहे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर साडेदहा सेंटिमीटर होतात. ही कमाल मर्यादा आहे, तिच्या आत असलेली गाडी उत्तम चालते असा तिचा अर्थ नाही, हेही लगेच सांगून ठेवतो. पण त्याच नियमातील रबरी टोप्यांचा भाग संदेशकर्त्याने वाचला असता, तर ढिलाई कुठून येते हे त्याला बॉक्स उघडण्याआधीच कळले असते.

फियाटच्या बॉक्समध्ये वर्म (आटे असलेला दांडा) आणि सेक्टर (त्याला भिडणारा दातेरी चाकाचा तुकडा) असतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालत असल्यामुळे त्यांची झीज नेमकी मधल्या भागात होते आणि दोन्ही टोकांना फारच कमी होते. मधला प्ले शून्य होईस्तोवर स्क्रू आवळला, तर जिथे झीज नाही त्या टोकांकडे दाते एकमेकांत घट्ट रुततात. मग वळण घेतल्यावर, कॅस्टरच्या (चाक ज्या अक्षावर वळते त्याच्या मागे कललेल्या) कोनामुळे एरवी आपोआप सरळ होणारे स्टिअरिंग तसेच अडकून राहते. संदेशातल्या पाचही उपायांत मला हा सर्वांत घातक वाटतो, कारण गाडी गॅरेजमधून बाहेर काढताना तो यशस्वी झाल्यासारखा भासतो आणि त्याचा परिणाम पहिल्या तीव्र वळणावर समजतो. स्क्रू मुळातच निषिद्ध आहे असे नव्हे. चाके उचलून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून, कुठेही अडत नाही हे पाहत तो थोडासा आवळता येतो, मात्र बाकीची सगळी झीज काढून झाल्यावर.

शनिवारी मी ग्राइंडर नेले नाही, जॅक नेला. आधी चाके जमिनीवर ठेवून स्टिअरिंगच्या कडेला दोरा बांधला आणि पुढची चाके हलू लागेपर्यंत तो किती सरकतो हे पट्टीने मोजले. साडेसहा सेंटिमीटर भरले. मग मी गाडीखाली आडवा झालो आणि काकांना स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगितले. बॉक्सचा आर्म हलत होता, पण पलीकडच्या बाजूने जोडणीला आधार देणारा आयडलर आर्म पुढे जाण्याऐवजी आधी वर-खाली डुलत होता, आणि एका बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटून आत माती गेलेली होती. त्यानंतर चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवले, तर खटखट आवाज आला. काकांना ब्रेक दाबायला लावला तरी आवाज कायम राहिला, म्हणजे दोष चाकाच्या बेअरिंगचा नव्हता, चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळते त्या किंगपिनचा होता. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबला असता, तर उलटा निष्कर्ष निघाला असता. ही परीक्षा दोन माणसांना दहा मिनिटांत फुकट करता येते, आणि संदेशाला शून्य खर्चाचेच कौतुक असेल तर त्याने ही सांगायला हवी होती. स्टिअरिंग जड का झाले, याचेही उत्तर तिथेच मिळाले: किंगपिनच्या खालच्या ग्रीस निपलवर वाळलेल्या मातीचा खडा बसला होता आणि त्यातून कित्येक वर्षांत ग्रीस आत गेलेले नव्हते.

राहिलेल्या तीन उपायांवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. रेडिअल टायरने पकड सुधारते, हे अर्धसत्य मी नाइलाजाने मान्य करतो. मूळच्या ५.२०-१४ मापाच्या जागी १५५ रुंदीचे रेडिअल चारही चाकांना लावले तर फरक जाणवतो. मात्र संदेशाप्रमाणे फक्त समोर रेडिअल आणि मागे जुने क्रॉसप्लाय (तिरप्या धाग्यांचे) टायर ठेवले, तर वळणावर मागची बाजू आधी निसटते. त्याहून रुंद टायर लावले की स्टिअरिंग आणखी जड होते, मग त्यावर संदेशाचा पुढचा उपाय हवेचा. हवा ४० केल्याने स्टिअरिंग किंचित हलके होते, पण टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, ब्रेकची पकड कमी होते, आणि नागपुरातल्या मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर तापून तोच दाब आणखी वाढतो. जळक्या ऑइलने पाट्यांची कुरकुर थांबते खरी, परंतु ते पाट्यांच्या डोळ्यांतील रबरी बुशांपर्यंत उतरून त्यांना फुगवते आणि वर धूळ धरून ठेवते. पाटे सुटे करून, गंज घासून, मध्ये ग्राफाइट ग्रीस भरणे हे योग्य काम आहे, आणि त्याला एक पूर्ण दिवस लागतो.

शेवटी अलाइनमेंटचे. हे सगळे बदलल्यावर टो, म्हणजे समोरची चाके एकमेकांकडे किती वळलेली असावीत ते माप, नव्याने बसवावाच लागतो. आम्ही गेलो त्या दुकानातल्या संगणकात ही गाडीच नव्हती, तिथल्या मुलाने एका आजच्या छोट्या गाडीचे नाव निवडून काम सुरू केले होते. त्याला थांबवून जुन्या मॅन्युअलमधील आकडा दिला, तेव्हा काम नीट झाले.

काकांच्या गाडीत किंगपिनचा सेट, आयडलरचे बुश आणि दोन बॉल जॉइंट बसले आहेत आणि दोऱ्याचे माप आता अडीच सेंटिमीटरवर आले आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार मिळणाऱ्या 'व्हीए' मालिकेच्या नोंदणीसाठी त्यांना अर्ज करायचा आहे, आणि तिथे गाडी मूळ रूपात असणे अपेक्षित आहे, हे सांगितल्यावर त्यांनी ग्राइंडरचा विषय पुन्हा काढला नाही. स्टॅबिलायझरची रबरे अजून मिळालेली नाहीत; ती येईपर्यंत रामटेकचा बेत पुढे ढकलला आहे.