संस्कृत आई नाही, बहीण आहे

‘जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतमधून निघाल्या. मातृ-मदर, पितृ-फादर हा त्याचा पुरावा. नासानेही संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवलंय. आणि मराठी तर तिची थेट लेक!’ हा मजकूर घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतो. संस्कृतवर माझं शाळेपासून प्रेम आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही.

मातृ-मदर हे साम्य खरंच आहे. पण साम्यावरून नातं कळतं, आई कोण ते कळत नाही. संस्कृतचे अभ्यासक असलेले इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य मांडलं, तेव्हाच म्हटलं होतं की या तिघी एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती भाषा बहुधा आता उरलेली नाही.

मग संस्कृतच ती मूळ भाषा नव्हे कशावरून? ‘कृ’ धातूचं ‘चकार’ (त्याने केलं) हे रूप बघा. ‘दृश्’चं ‘ददर्श’ (त्याने पाहिलं) होतं, म्हणजे धातूचं पहिलं व्यंजन दोनदा येतं, द-द. त्याच चालीने ‘ककार’ व्हायला हवं. मग ‘च’ आला कुठून? पाणिनीने ‘कुहोश्चुः’ या सूत्रात हा बदल नेमका टिपला. त्यामागचं कारण ग्रीकशी ताडून पाहिल्यावर उलगडतं. ‘ददर्श’चं ग्रीक भावंड आहे ‘देदोर्के’. पहिल्या अक्षरात ऱ्हस्व ए, दुसऱ्यात ओ. म्हणजे ‘चकार’च्या पहिल्या अक्षरातही कधीकाळी ए होता. त्या ए-मुळे क चा च झाला, आणि नंतर ए, ओ दोन्ही मिटून अ-आ उरले. संस्कृतने पुसून टाकलेला स्वर ग्रीकने जपलाय. आईकडे नसलेली वस्तू लेकीला वारशात मिळेल कशी?

‘सगळ्या भाषा’ म्हणताना तर शेजारच्या कन्नडचाही विसर पडतो. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु: यात एक-दोन-तीन-चार कुठे दिसतात? कन्नड, तमिळ, तेलुगूत संस्कृत शब्द भरपूर आहेत, पण उसने. मूळ अंक, सर्वनामं, क्रियापदांची घडण त्यांची स्वतःची, द्राविडी. दक्षिणेतल्या भाषांचे अभ्यासक, मिशनरी रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ सालीच ते सविस्तर दाखवलं. आपले अण्णा आणि अक्काही तिकडचेच.

नासाचा कुठलाही निर्णय नाही. १९८५ साली रिक ब्रिग्ज या तिथल्या संशोधकाचा एक लेख ‘एआय मॅगझीन’मध्ये आला. आपल्या वैयाकरणांनी केलेलं वाक्यार्थाचं विश्लेषण संगणकात ज्ञान मांडायच्या पद्धतीशी जुळतं, असं त्यात म्हटलंय. मुद्दा मोलाचा आहे, पण तो एका लेखकाचा.

राहिली मराठी. संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ, मराठी हात ही साखळी सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे प्राकृत म्हणजे बिघडलेलं संस्कृत असा समज होतो. पण ‘इथे’ या अर्थाचा संस्कृत शब्द ‘इह’, आणि पालीत तो ‘इध’ आहे. यातला ध जुना. संस्कृतमध्ये तो झिजून ह झाला. म्हणजे पाली-प्राकृतं ज्या बोलींतून आली, त्या ग्रंथांतल्या संस्कृतच्या शेजारी नांदत होत्या, तिच्या पोटी जन्मल्या नव्हत्या. गिरनारच्या खडकावर अशोकाच्या पहिल्या लेखात हा ‘इध’ आजही वाचता येतो.