रेटिंग विचारणाऱ्यांना लिटल रॉकची शाळा दाखवावी लागते

आज सकाळी आमच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटात, डॅलसला नव्याने आलेल्या एका जोडप्याने घर कोणत्या भागात घ्यावे असे विचारले (येथे मुलांची सरकारी शाळा बहुधा घराच्या पत्त्यावरून ठरते) आणि सल्ल्यांची झुंबड उडाली. अमुक रस्त्याच्या पलीकडे पाहूसुद्धा नका, तिकडच्या शाळांत ‘तसली’ मुले असतात, असे एकाने लिहिले आणि त्यावर बाराजणांनी अंगठे उंचावले. ‘तसली’ म्हणजे कसली, हे कोणीही विचारले नाही. तेथे लिहिले असते तर दिवाळीच्या कार्यक्रमाआधीच फटाके वाजले असते, म्हणून येथे लिहिते आहे.

मागे एकदा आम्ही काही कुटुंबे आर्कान्सामधून गाडीने जात होतो, तेव्हा माझ्या हट्टाखातर सगळे लिटल रॉकचे सेंट्रल हायस्कूल पाहायला आले. 1927 साली बांधलेली ती अवाढव्य इमारत एखाद्या राजवाड्यासारखी दिसते आणि प्रवेशद्वारावर महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि तयारी यांचे चार पुतळे उभे आहेत. आमच्यातील एका गृहस्थांनी वर पाहिले, खिशातून फोन काढला आणि मला विचारले, “हिचं रेटिंग किती आहे हो?” रेटिंग म्हणजे घर घेण्याआधी लोक संकेतस्थळांवर पाहतात ते शाळेचे गुण.

ज्या रस्त्यावर उभे राहून त्यांनी हे विचारले, त्याच रस्त्याने 4 सप्टेंबर 1957 रोजी पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड एकटी चालत आली होती. तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या या शाळेत त्या दिवशी नऊ कृष्णवर्णीय मुलांनी एकत्र जायचे असे ठरले होते, परंतु एलिझाबेथच्या घरी फोन नसल्यामुळे तो निरोप तिला मिळालाच नाही. अंगात तिने स्वतः शिवलेला नवा पोशाख होता. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी तैनात केलेल्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव दलाच्या जवानांनी गोऱ्या मुलांना आत सोडले आणि तिची वाट अडवली. अंगावर ओरडणाऱ्या जमावातून चालत ती बसथांब्यावरच्या बाकापर्यंत पोहोचली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेव्हा तीन वर्षांचा झाला होता. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 101व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले आणि 25 सप्टेंबरला ती नऊ मुले संगिनींच्या पहाऱ्यात वर्गात गेली.

त्या जमावातून चालणाऱ्या एलिझाबेथचे गाजलेले छायाचित्र पाहून आपण सारेच हळहळतो. मला संताप येतो तो त्याच वर्षी, त्याच शहराच्या पश्चिमेला, सधन गोऱ्यांच्या वस्तीत उघडलेल्या हॉल हायस्कूलचा. काळ्या-गोऱ्या मुलांच्या एकत्र शिक्षणाची सुरुवात फक्त सेंट्रलमध्ये, म्हणजे बरीचशी कामगारवर्गातील मुले शिकत होती तेथे करायची, आणि नवी कोरी हॉल हायस्कूल मात्र गोरी ठेवायची, अशी ती योजना होती. हॉलच्या पालकांना ओरडण्यासाठी सेंट्रलसमोरच्या पार्क स्ट्रीटवर यावेच लागले नाही. त्यांचा पत्ताच त्यांचे काम करीत होता. आमच्या गटातील मंडळी स्वतःला एलिझाबेथच्या बाजूची समजतात आणि घर मात्र हॉल हायस्कूलच्या हिशेबाने घेतात.

मुलांच्या शिक्षणाशी खेळ करू नये, हे मान्य आहे. चांगले शिक्षक आणि चांगली प्रयोगशाळा कोणाला नको असते? परंतु त्या गृहस्थांनी शिक्षकांविषयी काहीही विचारले नव्हते.

पुढचे वर्ष तर अधिक लाजिरवाणे आहे. 1958 साली एकत्र शिक्षण टाळण्यासाठी फॉबस यांनी शहरातील चारही हायस्कुले बंद केली आणि 27 सप्टेंबरच्या मतदानात 19,470 लोकांनी एकत्र शिक्षणाच्या विरोधात, तर 7,561 लोकांनी बाजूने कौल दिला. करार झालेले असल्यामुळे शिक्षक रोज रिकाम्या वर्गांत येऊन बसत होते. फुटबॉलचे सामने मात्र चालू राहिले! शाळा बंद, खेळ चालू. यावर आणखी काय लिहावे?

त्याआधी 27 मे 1958 रोजी अर्नेस्ट ग्रीन सेंट्रलमधून शालेय शिक्षण पूर्ण करणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. त्याचे नाव पुकारल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत, हे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे. प्रेक्षकांत त्याच्या कुटुंबासोबत मार्टिन ल्यूथर किंग बसले होते. हे लिहिताना माझा राग थोडा निवळला, कारण आम्ही तेथे उभे असतानाच शाळा सुटली आणि सर्व रंगांची मुले दप्तरे सावरत, एकमेकांना ढकलत, मोठमोठ्याने हसत आमच्या अंगावरून गेली. राष्ट्रीय स्मारक झालेली ती शाळा आजही रोज भरते. आमचे गृहस्थ तेव्हाही फोनमध्येच होते.

त्यांना मी तेव्हा जे सांगायला हवे होते, ते आज सांगते. 1965 पूर्वी भारतीयांसाठी अमेरिकेचा वार्षिक कोटा अवघा शंभर माणसांचा होता. वंश आणि देश पाहून माणसे निवडणारी ती पद्धत 1965 च्या कायद्याने मोडीत निघाली, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या वातावरणातच संमत झाला. आपल्याला ही दारे उघडली, त्यात त्या नऊ मुलांनी सोसलेल्या शिव्यांचाही वाटा आहे, आणि त्यांची नातवंडे ज्या शाळेत असतील ती शाळा आपल्याला नको आहे.

टिप्पण्यांमध्ये शाळांची रेटिंगे टाकू नयेत. मी ती काढून टाकणार आहे.