'टन म्हणजे हजार किलो' हे सगळीकडे खरं नाही

"ऊस, एसी, प्रेस, टन सगळीकडे एकच: हजार किलो. एसी जास्त टनाचा घ्या, आणि प्रेसवर जेवढे टन लिहिलेत तेवढ्या वजनाचा माल चालतो." हा मेसेज सध्या कोल्हापुरात फिरतोय. त्यातला फक्त ऊस बरोबर आहे.

काट्यावरचा टन 1000 किलोचाच. सरकार एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलवर जाहीर करतं. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. 'एकरी टनेज'मधला टनही हाच.

एसीचा टन वजन सांगत नाही, उष्णता ओढून घेण्याचा वेग सांगतो. अमेरिकी टन 2000 पौंडांचा, म्हणजे 907 किलोचा. शून्य अंशावरचा तेवढा बर्फ 24 तासांत वितळायला जी उष्णता लागते, त्या वेगाला एक टन म्हणतात: तासाला 12,000 बीटीयू (उष्णतेचं एक एकक), म्हणजे 3.5 किलोवॅट. दीड टनी एसी खोलीतून 5.3 किलोवॅट उष्णता ओढून घेतो. वीज मात्र साधारण दीड किलोवॅटच्या आसपास खातो, कारण तो थंडावा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर नेतो.

'जास्त टनाचा घ्या' हा सल्ला तर नुकसानीचाच. लहान खोलीत मोठा साधा (इन्व्हर्टर नसलेला) एसी पटकन गार करतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत खोली गार असूनही चिकचिक जात नाही. खोलीचं क्षेत्रफळ, वरचा स्लॅब तापतो का, पश्चिमेची खिडकी आणि माणसं किती, हे बघून टन ठरवावा.

सर्वांत घातक चूक प्रेसची. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमध्ये 50 टनी पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापायचं किंवा वाकवायचं यंत्र) म्हणतात तेव्हा तो आकडा जोराचा असतो. एक टन म्हणजे 9.81 किलोन्यूटन. 3 मिमी एमएस (माइल्ड स्टील) पत्र्यातून 100 मिमी व्यासाची चकती काढायची समजा. परिघ 314 मिमी, गुणिले जाडी 3, गुणिले पत्र्याची कातर-ताकद सुमारे 350 न्यूटन प्रति चौरस मिमी: जवळपास 330 किलोन्यूटन, म्हणजे साडेतेहतीस टन. त्या चकतीचं वजन मात्र 185 ग्रॅम! पंचाची (पत्रा कापणाऱ्या ठशाची) धार गेली की जोर आणखी वाढतो, म्हणून वर 25-30 टक्के धरून इथे 50 टनी प्रेस लावावा. पंचाचं तोंड तिरकं घासून शिअर (उतार) दिला, तर जोर बराच उतरतो.

शिवाय क्रँक प्रेसचा (फिरत्या वाकड्या दांड्यावर चालणाऱ्या प्रेसचा) पूर्ण जोर स्ट्रोकच्या खालच्या टोकाजवळच्या काही मिलिमीटरांतच मिळतो. खोल ड्रॉइंगचं काम (पत्रा खोल दाबून भांड्यासारखा आकार देणं) वरूनच जोर मागतं. तिथे पाटीवरचे टन धरून चाललं, तर क्रँकशाफ्टवर ताण येतो आणि सी-फ्रेमला (प्रेसच्या इंग्रजी C आकाराच्या सांगाड्याला) तडा जाऊ शकतो. पाटीवर टनाशेजारी 'खालच्या टोकाच्या वर इतके मिमी' असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. डाय (साचा) चढवण्याआधी तो आकडाही वाचावा.